चांदणी चौकाचा चढ आणि पाव किलोवॉट

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

विषय: घरी मोटर बसवलेल्या घडीच्या सायकलीची तपासणी करून मिळणेबाबत

गडकरीसाहेब,

पुण्याचा चांदणी चौक आपल्याला सांगायला नको. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला, आणि नव्या उड्डाणपुलांचं उद्घाटन 12 ऑगस्ट 2023 रोजी आपल्याच हस्ते झालं. त्या चौकाच्या पलीकडे, बावधनमध्ये मी राहतो. कचेरी मंगळवार पेठेत, आरटीओपासून हाकेच्या अंतरावर. रोज सायकलने वनाझ गाठायचं, तिथून मेट्रो. सकाळी मजा असते. चौकापर्यंत थोडे पाय मारले की पुढे भुसारी कॉलनीवरून वनाझपर्यंत सायकल आपली आपण खाली येते. संध्याकाळी तोच उतार तोंड फिरवून चढ होतो आणि वयाची चौपन्न वर्षं गुडघ्यात येऊन बसतात.

सायकल घडीची आहे. चाकं वीस इंची, वजन तेरा किलो. मावसभाऊ परदेशी जाताना देऊन गेला. घडीची सायकल म्हणजे खेळणं असं आमच्या इमारतीत सगळ्यांचं मत आहे. त्यांना मी कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात जायला सांगतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातली पॅराशूटवाल्या सैनिकांची बीएसए सायकल ठेवली आहे, तीही मधोमध दुमडते. पण चढावर युद्धाचा दाखला उपयोगी पडत नाही. मी, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून नव्वद किलो. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरला आणि वेग ताशी बारा किलोमीटर धरला, तर साधारण पावणेदोनशे वॉट लागतात. माझ्या वयाचा, रोज टेबलाशी बसणारा माणूस सलग शंभर वॉट देतो, तेही बऱ्या दिवशी. उरलेल्या पंचाहत्तरसाठी मी सायकलला मोटर बसवायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॉटचा असतो, त्यावरून अंदाज यावा. चटणी वाटायला लागतं त्याहून कमी मला घरी पोचायला हवं होतं.

किट मागवलं. मधोमध मोटर असलेलं पुढचं चाक, कंट्रोलर, पेडल फिरतंय की नाही हे सांगणारी बारा चुंबकांची चकती, ब्रेकचे दोन लिव्हर, हँडलवर लावायचा छोटा डिस्प्ले. बॅटरी वेगळी: 36 व्होल्ट, 7.8 अँपियर-तास, म्हणजे 280 वॉट-तास. सगळं मिळून एकवीस हजार. दोन रविवार गॅलरीत फतकल मारून बसलो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही पहिली दहा मिनिटं मी ते घट्टच करत होतो.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. साध्या सायकलच्या पुढच्या चाकाचा एक्सल चिमट्याच्या खाचेत नुसता बसलेला असतो, त्याच्यावर फिरण्याचा जोर येत नाही. मोटरच्या चाकात उलटं असतं. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने एक्सल मागे फिरू पाहतो. म्हणून तो दोन बाजूंनी चपटा केलेला असतो, आणि त्या चपट्या बाजूंना खाचेच्या दोन कडांनी धरून ठेवायचं असतं. खाच झिजली किंवा चिमटा ॲल्युमिनियमचा असला, तर एक्सल एखाद्या दिवशी कडा फोडून गरकन फिरतो, वायरी पिळून तुटतात आणि चाक निखळतं. यावर इलाज म्हणजे टॉर्क आर्म: पोलादी पट्टी, एक टोक एक्सलला चावलेलं, दुसरं चिमट्याच्या दांडीला आवळलेलं. माझ्या किटमध्ये ती नव्हती. माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नव्हता. माझ्या सायकलचा चिमटा पोलादी आहे, तरीही पट्टी वेगळी मागवून लावली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी चाकाचा आऊट काढून दिला, अठराच्या पान्याने नट आवळले आणि बजावलं, "वायरीचं मला काही विचारायचं नाही."

वायरीनेच पुढे घात केला. घडीच्या सायकलला मधोमध बिजागरी असते. वायरी तिच्यावरून जातात, तिथे ढील जास्त ठेवली तर त्या चाकात जातात, कमी ठेवली तर घडी करताना ताणतात. मी मोजून मापून झिप टाय लावले. तीन आठवड्यांनी, ऐन संध्याकाळी, भुसारी कॉलनीच्या चढावर मोटर मेली. डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, चाक मात्र ढिम्म. ढकलत घरी आणली. रात्री मल्टिमीटर घेऊन एकेक जोड सोडवत गेलो. डाव्या ब्रेकचा जोड सोडवला आणि मोटर सुरू झाली. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून लिव्हरमध्ये बारीकसा स्विच असतो. त्याची वायर बिजागरीत चिमटून आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या. कंट्रोलरला वाटत होतं, हा माणूस सतत ब्रेक दाबून बसलाय.

हसू आलं, आणि मग झोप उडाली. तारा टेकण्याऐवजी तुटल्या असत्या तर? मोटर नेहमीसारखी चालली असती. काहीच बिघडलेलं दिसलं नसतं. पेडल फिरत असताना ब्रेक दाबूनही मोटर आपलं काम करत राहिली असती, आणि हे मला ब्रेक लावायची वेळ आल्यावरच कळलं असतं. माझं काम मीच तपासलं होतं, तेही दोनदा. आपण केलेली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही हा अनुभव मला कचेरीत रोज येतो, गॅलरीत वेगळं काय होणार? मला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे हवे होते. ते कुठे मिळतात याचा शोध घेताना मी आपल्या खात्याच्या नियमांपर्यंत पोचलो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989. त्यात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या व्याख्येला जोडून सवलत दिली आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, पेडल थांबवलं की किंवा पंचविशी गाठली की मोटर बंद, आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपेक्षा जास्त नाही, तर ते मोटार वाहन समजलं जाणार नाही. नोंदणी नको, विमा नको, परवाना नको. नियम चांगला आहे. मोटर, बॅटरी धरून माझी सायकल साडेसतरा किलोची आहे. मी पेडल थांबवलं की ती थांबते. थ्रॉटलची मूठ किटमध्ये होती, ती मी लावलीच नाही.

अडतं ते पुढच्या ओळीपाशी. या सगळ्या अटी नियम 126 मधल्या तपासणी संस्थेने पडताळून मंजूर केलेल्या असाव्या लागतात. गंमत म्हणजे त्यातल्या तीन संस्था आमच्या अंगणातल्या. एआरएआय कोथरूडच्या डोक्यावर, वेताळ टेकडीवर. सीआयआरटी भोसरीकडे. व्हीआरडीई अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या नगरला. पण ही व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. कंपनीने एक नमुना न्यायचा, तो पास झाला की त्याच्यासारख्या हजारो बनवायच्या. माझ्याकडे हजारो नाहीत. एकच आहे, आणि तिच्यासारखी दुसरी जगात नाही, कारण तिच्या बिजागरीवरचे झिप टाय माझ्या हातचे आहेत. एका सायकलीसाठी एका माणसाने कुठे जायचं, हे नियमात लिहिलेलं नाही.

मग माझ्या सायकलला म्हणायचं तरी काय? मंजुरी नाही म्हणून सवलत नाही. सवलत नाही म्हणून ती मोटार वाहन. मोटार वाहन म्हणून नोंदणी, विमा आणि नंबरप्लेट हवी. आणि नोंदणी होणार नाही, कारण मंजुरी नाही. जुन्या मोटारीला किंवा रिक्षाला विजेचं किट बसवायचं तर आपल्याच खात्याने वाट घालून दिली आहे: किटला संस्थेची मान्यता, मान्यताप्राप्त माणसाकडून जोडणी, मग आरटीओत नोंद. दीड टनाच्या गाडीला वाट आहे आणि साडेसतरा किलोच्या सायकलला नाही.

तोवर मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. पुणे मेट्रोत सायकल नेता येते आणि मी ती वर्षभर नेली. मोटर बसवल्यापासून नेत नाही. ती अजून सायकल आहे की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नसताना दारावरच्या सुरक्षारक्षकाने ते का द्यावं? वनाझजवळ ओळखीचे एक झेरॉक्सवाले आहेत, त्यांच्या टेबलाखाली घडी करून ठेवतो. बॅटरीचा डबा काढून खांद्यावरच्या पिशवीत नेण्याचा विचार केला होता, पण तो डबाच तर आगीच्या भीतीचं मूळ.

भीती खोटी नाही, तिच्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. घरी मोटर बसवणारे आम्ही लोक या विषयावर जरा तोंड चुकवतो. लिथियम बॅटरी बिघडून तापली की तिची आग साध्या आगीसारखी विझत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2023 या एका वर्षात अशा बॅटऱ्यांच्या 268 आगी लागल्या, 18 माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून तिथे प्रमाणित नसलेली ई-सायकल आणि तिची बॅटरी विकायला बंदी आली. लंडनमध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये एका स्थानकावर ई-सायकल पेटली आणि 31 मार्चपासून भुयारी रेल्वेत ई-सायकली बंद झाल्या. फक्त घडीच्या तेवढ्या चालू ठेवल्या. कारण असं दिलं की घडीच्या सायकलला घरी किट बसवलेलं असण्याची शक्यता कमी. ते वाचून मी माझ्या सायकलकडे पाहिलं. लंडनकरांचा अंदाज चुकवणारा नमुना माझ्या गॅलरीत उभा होता.

आपल्याकडे मार्च 2022 मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. ती चित्रफीत घरोघर पाहिली गेली. त्यानंतर आपल्या खात्याने स्कूटरच्या बॅटऱ्यांसाठीचं एआयएस-156 हे मानक कडक केलं, 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत. ते योग्यच झालं. मोटार वाहन नसलेल्या सायकलच्या डब्याला मात्र ते लागू होत नाही. माझ्या डब्यात दहा-दहा सेल ओळीने जोडलेले, अशा तीन ओळी. पूर्ण भरल्यावर 42 व्होल्ट. सेल कुठले, नवे की जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, हे डब्यावरच्या प्लास्टिकच्या वेष्टनातून दिसत नाही. विकणाऱ्याने जे कागदावर लिहून दिलं त्यावर विश्वास ठेवून मी तो डबा रात्री चार तास चार्जिंगला लावत होतो, जिन्याजवळच्या खोलीत. हल्ली जागेपणी लावतो, गॅलरीत, फरशीवर, आजूबाजूला काही न ठेवता. सोसायटीच्या सभेत यावरून दोन महिने वाद झाला. मला आधी राग आला होता. नंतर वाटलं, वरच्या मजल्यावर लहान मुलं राहतात, त्यांच्या आईने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे कागदाचं उत्तर नव्हतं.

एक काळ मी स्वतः सेल जोडून बॅटरी बनवायच्या बेतात होतो. जोडणीचं छोटं यंत्रसुद्धा हेरून ठेवलं होतं. तो नाद सोडला. मोटर घरी बसवावी, बॅटरी घरी बनवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आमच्यातल्या काही उत्साही मंडळींना ते आवडणार नाही.

दुसरी लबाडी वेगाची. किटवर 250 वॉट छापलेलं असतं. कंट्रोलर मात्र बॅटरीतून 14 अँपियर ओढू शकतो, म्हणजे 36 व्होल्टला पाचशे वॉट. चढावर मिनिटभर तेवढं लागतंही, आणि नियम तीस मिनिटांच्या शक्तीबद्दल बोलतो, तेव्हा तिथवर ठीक. पण माझ्या कंट्रोलरमध्ये दोन टोकांची एक पांढरी वायर आहे. टोकं जोडली की वेगाला मर्यादा, सोडवली की रान मोकळं. विकणाऱ्याने ती सोडवूनच पाठवली होती. शिवाय डिस्प्लेमध्ये चाकाचं माप भरावं लागतं. वीस इंची चाक सोळाचं आहे असं खोटं सांगितलं की पंचविशीची मर्यादा एकतीसवर जाते. दोन बटणं, अर्धं मिनिट. त्याच दुकानात हजार वॉटचं, मुठीवर पळणारं किटही सायकलचंच म्हणून मिळतं. त्यावर पन्नाशीने पेडल न मारता जाणारा मुलगा आणि चांदणी चौकात धापा टाकणारा मी, नियमाच्या नजरेत दोघेही सारखेच. तपासणीचा रस्ताच नसेल तर पांढरी वायर जोडून ठेवणाऱ्याला तरी काय मिळणार?

म्हणून मागणी अशी. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी मिळून सायकलच्या किटला एकत्र मान्यता द्या, जशी रिक्षाच्या किटला देता. वेगमर्यादा कारखान्यातच बंद करून द्यायला लावा, वायर नको आणि बटणंही नकोत. टॉर्क आर्म डब्यातच आली पाहिजे. मग ते किट कुणी घरी बसवो की काकांच्या दुकानात, बसवलेल्या सायकलची तपासणी जवळपास होऊ द्या. त्याला टेकडीवरची प्रयोगशाळा लागत नाही. चाकाखाली रोलर, हातात वजनकाटा, ब्रेक दाबून आणि पेडल थांबवून पाहणारा एक जाणता माणूस, अर्धा तास. गावोगावच्या आयटीआयमध्ये असा माणूस आहे आणि त्याच्या वर्गातल्या पोरांना हे शिकायचंही आहे. त्याने बिजागरीवरून हात फिरवला असता तर माझी चिमटलेली वायर त्याला सापडली असती.

पास झाली की बिल्ला द्यावा. आपल्या पिढीला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल: पत्र्याचा, वर्षाचा आकडा ठोकलेला, हँडलला तारेने बांधलेला. बिल्ला नसला, दिवा नसला किंवा डबल सीट सापडलो की पोलीस चाकातली हवा सोडायचा. तेव्हा आम्ही त्या बिल्ल्याला शिव्या दिल्या. आता मी तोच मागायला आलो आहे. प्रत्येक सायकलच्या सांगाड्यावर, बहुधा पेडलच्या खाली, ठोकलेला नंबर असतोच. तो बिल्ल्यावर आला की मेट्रोच्या दारावर, सोसायटीच्या सभेत आणि चौकातल्या हवालदाराला दाखवायला काहीतरी हातात राहील.

आपल्याला हे किरकोळ वाटू नये. ई-रिक्षा रस्त्यावर आधी आली, कायदा मागून आला. 2015 मध्ये आपण मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून तिला नाव आणि जागा दिली. 30 मार्च 2022 रोजी आपण हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीने संसदेत गेलात, तेही टीव्हीवर पाहिलं. ती गाडी सामान्य माणसाच्या दारात यायला वेळ आहे. माझी सायकल आत्ता दारात आहे. चार्जिंगला रोज पाव ते तृतीयांश युनिट खाते, म्हणजे दोन-तीन रुपये, आणि एका चार्जमध्ये पंचवीस किलोमीटर जाते. आणि हे शहर यासाठी नवखं नाही. पेडल असलेली लूना 1972 मध्ये इथल्याच फिरोदियांनी काढली आणि अर्ध्या महाराष्ट्राचा चढ सोपा केला.

नियम बदलायला वेळ लागेल, तोवर माझी एक सायकल नमुन्यादाखल तपासून घ्यायची आपल्या खात्याची तयारी असेल तर मी आणून दाखवतो. ब्रेकची वायर आता बिजागरीच्या बाहेरून स्प्रिंगच्या नळीतून नेली आहे, ती मुद्दाम पाहावी. टॉर्क आर्मच्या बोल्टवर रंगाची खूण केली आहे, ती सरकली की बोल्ट ढिला झाला हे समजतं. वेळ सकाळची दिलीत तर कचेरीत एक खाडा वाचेल. आणि ठिकाण वेताळ टेकडीवरचंच ठरणार असेल तर एवढंच आधी सांगून ठेवतो की पौड रस्त्यावरून संस्थेकडे वर जाणारा रस्ता चांगलाच चढाचा आहे. मोटर चालू ठेवूनच यावं लागेल.

आपला,
बावधनचा एक सायकलवाला